भावजींची बुरशी

ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्मभर काचपट्ट्या पुसून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी शास्त्रज्ञ झाले. जेवायलासुद्धा गळ्यात भिंग अडकवून बसायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार!

मागच्या अंगणात कुजलेल्या पानांवर त्यांना एक बुरशी सापडली. मोहरीएवढी, तपकिरी, बारीक देठावर टेकवलेली इवलीशी वाटीच. जगात अशी कुणी पाहिलेलीच नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. आता या बुरशीला आपलं आडनाव लागणार, म्हणून स्वारी हवेत. ताईला फर्मान सुटलं, अंगणात झाडू लावायचा नाही. पाचोळ्याचा खच पडला, डास झाले, ताई घसरून पडली, पाय मुरगळला. भावजी ओरडले, "अगं, वाट्या चिरडशील!"

मग त्यांनी एक वाटी पानावरून सोडवली, नळाखाली धुतली, उन्हात वाळवली आणि विद्यापीठातल्या बुरशीतज्ज्ञ बाईंकडे पाठवली. बाईंचा फोन आला. "अहो, हा नुसता काळा ठिपका आलाय. पान कुठल्या झाडाचं होतं? पानासकट ताजी बघितल्याशिवाय नाव कसं सांगू?" अंगणात झाडं तीन, पानं सगळी एकमेकांत मिसळलेली. पान बघायचं असतं, हे या महाशयांच्या गावीही नव्हतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "रविवारी त्या बाजूला येतेय. जागेवरच बघते."

रविवारी सकाळी मी ताईच्या मदतीला गेले, तर भावजी अंगणात घामाघूम, हातात झाडू. एवढ्या मोठ्या बाई घरी येणार, मग अंगण उकिरड्यासारखं कसं ठेवायचं? सगळा पाचोळा गोळा करून त्यांनी पेटवून दिला होता.

"आणि वाट्या?" मी विचारलं. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला.

बाई आल्या. लख्ख अंगण बघून म्हणाल्या, "कुठेय बुरशी?"

भावजींनी सरळ ताईकडे बोट केलं. "हिनं झाडलं हो सगळं. बायकांना काही कळत नाही!" विचारणारी बाईच आहे, हेही त्या अकलेच्या कांद्याला सुचलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ताई मात्र आवाज न चढवता म्हणाली, "खोटं बोलू नका. मी पडले, पाय मुरगळला, तेव्हा तुम्ही आधी वाट्या बघितल्या. त्या तुम्हीच जाळल्यात, एवढं तरी कबूल करा."

भावजी भिंग पुसत बसले. बाईंनी खुर्ची ताईजवळ ओढली आणि विचारलं, "पाय दाखवलात का कुणाला?"

आजवर भावजींनी ते विचारलं नव्हतं.