मायनं शिवलेला डोला

माझ्या मायनं एकदा मोहरमचा डोला शिवला होता.

हो, शिवला. सुई-दोऱ्यानं.

डोला, म्हणजे ताबूत, शिवत नाहीत, कामट्यांच्या सांगाड्यावर रंगीत कागद चिकटवून उभा करतात, हे मलाही ठाऊक आहे. कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका. मी जन्मभर शाळेत मास्तरीण होते.

आज मायला जाऊन तीस वर्षं झाली.

परवा नात पुण्याहून 'मिक्स्ड मीडिया'चं वर्कशॉप करून आली. कागद, कापड, दोरा, काच, सगळं एकाच फ्रेममध्ये.
म्हणाली, "आजी, हे एकदम नवीन आहे."
मी म्हटलं, "बस इथं."

गोष्ट निजामाच्या राज्यातली. केजजवळचं आमचं गाव. माय तान्ह्या बाळांच्या कुंच्या, त्या पाठीवर रुळणाऱ्या टोप्या, शिवायची. खणाचे तुकडे जोडून, गोंडे लावून. तिच्या कुंचीशिवाय गावातलं बाळ उंबऱ्याबाहेर पडत नसे.

मग तिचं स्वतःचं पहिलं बाळ गेलं. गोपाळ. आठ महिन्यांचा होता, तापानं गेला.

मायनं कात्री खुंटीला अडकवली. तिच्या वडिलांनी हैदराबादेहून आणलेली, खास कापडाची कात्री. दोन वर्षं ती तिथंच.

फाटकं-तुटकं सांधायची, पण नवं काही बेतायला घेतलं की हातच चालायचा नाही. बायकांनी कुंच्या मागायचं सोडून दिलं.

पुढं मी पोटात होते, तरी कात्री खुंटीवरच. कुणी विचारलं तर म्हणायची, "जन्माआधी लेकराचं काही शिवत न्हाईत."
खरं म्हणजे जन्मानंतर तरी शिवता येईल का, याचीच तिला धास्ती होती.

समोर महेबूबचाचा राहायचे. गावचा डोला त्यांच्याच घरी व्हायचा, आणि त्याची कागदी जाळी कातरावी तर त्यांनीच.

त्या वर्षी ते कडुलिंबावरून पडले. उजवा हात मोडला. डोल्यासाठी तासलेल्या कामट्याच हाड बसवणाऱ्यानं त्यांच्या हाताला बांधल्या. हे सांगताना चाचा स्वतःच हसायचे.

रंगीत कागदांची गुंडाळी घेऊन ते आमच्या दारात आले.
"भाभी, जाळी तेवढी कातरून द्या."
"कापडाची कात्री हाय, भाऊ. कागद कापला की धार जाती."

शिवणारं माणूस एक वेळ जीव देईल, पण कापडाची कात्री कागदाला लावू देणार नाही.

चाचा खुंटीकडं बघून म्हणाले, "तिथं लटकून कोणती धार ऱ्हायली हाय?"

मायला फार राग आला. दोन घास जेवलीसुद्धा नाही.
मग उठून कात्री काढली.

पाच दिवस कातरत होती. कागदाची घडी घालायची, कातरायची, उलगडून बघायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, "त्या पाच दिवसांत दोनदा भाकर करपली. मला लई बरं वाटलं."

मोहरमच्या नवव्या दिवशी सकाळी चाचांनी कागद सांगाड्याला लावून बघितले.
एकही बसेना. सगळे चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठे.

शिवणीत जायला कापड जादा ठेवतात ना, मायनं सवयीनं कागदालाही तेवढं जादा ठेवलं होतं!

"भाभी, कागदाला कावून शिवण लागती?" चाचा मटकन खाली बसले. कडा कापाव्या तर जाळीच तुटणार. नवा कागद आणायला बाजार दोन दिवसांनी, आणि डोला निघायचा उद्या.

माय घरात गेली. पेटीच्या तळातून एक गाठोडं घेऊन आली. गोपाळच्या कुंचीतून उरलेले खणाचे तुकडे. दोन वर्षं तिनं कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता.

"लागती शिवण," ती म्हणाली. "आता शिवूनच देते."

जादा कडा मागं दुमडल्या, आत खणाची पट्टी घातली आणि कागदाला कागद शिवला. जाळीमागं गोपाळचे तुकडे. वरून चमचमता अभ्रक आणि चकचकीत पन्नी. दिवसभर खैरूनचाची, चाचांची बायको, शेजारी बसून सुया ओवून देत होत्या.

दहाव्या दिवशी डोला निघाला. आशीर्वाद म्हणून लेकरांना त्याच्या खालून काढतात. मायही वाकून खालून गेली, मला पोटात घेऊन. पलीकडं निघाली तेव्हा हसत होती, असं चाची सांगायच्या.

नदीवर डोला थंड करायच्या, म्हणजे विसर्जनाच्या वेळी चाचांनी विचारलं, "भाभी, तुकडे काढून देऊ का?"
माय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. लई नटून चाललाय त्यो."

महिन्याभरात मी जन्मले. बारशाला कुंची तयार.

कात्रीची धार खरंच गेली होती. खणाच्या कडा दातेरी निघाल्या, म्हणून त्या झाकायला तिनं डोल्यातली उरलेली पन्नी लावली. बायकांनी ती कुंची बघितली आणि सगळ्यांना तसलीच पाहिजे झाली.

त्यानंतर बाई थांबलीच नाही. कापड, कागद, पन्नी, काचा, हाताला लागेल ते जोडत राहिली. गौरीचं मखर आणि डोल्याची जाळी एकाच कात्रीतून निघायची. जाळी मात्र दरवर्षी दोन बोटं मोठी. चाचांचाच तसा हट्ट होता.

ही सगळी गोष्ट नातीनं ऐकून घेतली. मग भीत भीत म्हणाली, "आजी, पणजीच्या कात्रीनं मी कागद कापला तर चालेल?"

माय गेल्यापासून खुंटीवरच असलेली कात्री मी काढून तिच्या हातात दिली.

खाली जो फोटो आहे, तो तिनं आज सकाळी केलेल्या कामाचा. कडेला दोन बोटं जादा आहेत, ती चूक नाही.

माय, तुझी कात्री आज खुंटीवर नाही गं.
एवढंच सांगायचं होतं. तुझ्या लेकीचा नमस्कार.