धावपट्टीसमोरचा मांडव

बडनेऱ्याजवळच्या धावपट्टीला लागूनच मनकर्णाबाईंचं वावर. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि अमरावतीच्या बाजारात विकायची, यातच त्यांचा जन्म गेला. अलीकडे डोक्यावरून शिकाऊ विमानं उडू लागली. विमान जरा वर गेलं, की आवाज एकाएकी बसायचा, नाक खाली यायचं, आणि लगेच ते घरघर करत पुन्हा वर चढायचं. पहिल्यांदा तर त्या खुरपं टाकून पळाल्या होत्या.

एके दिवशी तिथे विमान उडवायला शिकवणारे योगेश सर वावरात आले. मनकर्णाबाईंनी त्यांना खाटेवर बसवून चहा दिला.

"मावशी, इंजिन मीच मुद्दाम मंद करतो. खरंच बंद पडलं तर काय करायचं, ते पोरांना शिकवावं लागतं. माघारी वळायचं नाही. उंची कमी असते, वळता वळता विमान कोसळतं. नाक खाली घालायचं आणि समोर मोकळं दिसेल तिथं उतरायचं. समोर तुमचाच पट्टा येतो. भाजी लावा, पण खांब-तारा उभारू नका."

"हाव ना जी. लेकरायच्या जिवापेक्षा कारली मोठी हायेत काय?"

कारल्याचं नाव सरांनी काढलंच नव्हतं.

सर गेल्यावर नवरा, नत्थुजी, म्हणाला, "हाव काहून म्हणलं वं? बियाणं तं घरात येऊन पडलं."

"घरी आलेल्या माणसाले तोंडावर नाही म्हणू काय? अन् इमान काय रोज पडते?"

आठवड्याभरात कारल्याच्या मांडवासाठी खांब गाडले, तारा ओढल्या. वेल अजून वर चढायचे होते. आभाळातून त्या तारा दिसणार कशा?

त्याच सुमारास सरांची विद्यार्थिनी, अकोल्याची प्रणाली, एकटीच विमान घेऊन उडाली. आवाज बसला. रोजचंच म्हणून मनकर्णाबाईंनी मानही वर केली नाही. आवाज परत येईना, तेव्हा पाहिलं. विमान नाक खाली घालून, शिकवल्यासारखं सरळ येत होतं. अलगद टेकलं, पुढे धावलं आणि तारांत गुरफटून कलंडलं. मनकर्णाबाईंनीच विळ्याने सीटचा पट्टा कापून पोरीला बाहेर ओढलं. तिचा खांदा मोडला होता.

पुढे प्रणालीच्या आईने, दीपमालाबाईंनी, मनकर्णाबाईंना अकोल्यात जठारपेठेतल्या घरी बोलावलं. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटीचे तांदूळ ओंजळीत घेतले. "तुमच्यामुळं माझी लेक वाचली."

मनकर्णाबाईंनी पदर पसरला नाही.

"थांबा बाई. सरनं मले खांब नको गाडू म्हणलं होतं. म्या हाव म्हणलं, अन् गाडले."

दीपमालाबाईंची ओंजळ तशीच राहिली. "सांगितलं होतं? तरी?"

"हाव."

"जाऊ दे ना आई," प्रणाली म्हणाली.

"तू गप. तो हात पुन्हा वर जाईल का, हे डॉक्टरलेही सांगता येत नाही." त्यांनी तांदूळ ताटात परत टाकले. "मले तुमची ओटी नाही भरता येणार."

"नकाच भरू," मनकर्णाबाई म्हणाल्या. आणि घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी पोरीच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे नीट पाहिलं.