कुमुदिनीबाईंचा गुलामचोर

झूटरमेर या डच गावातल्या त्या नऊ मजली इमारतीत कुमुदिनीबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. याचं श्रेय त्यांच्या मसालेभाताला द्यावं असं त्यांना वाटे, पण खरं श्रेय शेजारच्या हर्मिनाच्या आवाजाला. रोज संध्याकाळी चहाच्या सुमाराला पाचव्या मजल्याच्या लांबलचक सामाईक गॅलरीतून आरोळी उठायची, "खुलामचोऽऽर!" आणि खालच्या मजल्यावरच्या बाया म्हणायच्या, चला, आज भारतीण हरली.

खेळ आपला साधा गुलामचोर. पत्त्यांतला एक गुलाम आधीच काढून बाजूला ठेवायचा, एकमेकींच्या हातातलं पान ओढत जोड्या लावायच्या, आणि शेवटी ज्याच्या हातात बिनजोडीचा गुलाम राहील तो चोर. कुमुदिनीबाई रॉटरडॅमला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात उभी हयात टायपिंग करून निवृत्त झाल्या, लगेच दोन वर्षांत यजमान गेले, मुलगा वेदांत आइंडहोव्हनला कॉम्प्युटरच्या चिप्स बनवायच्या कामात गुंतलेला. शेजारी हर्मिना, सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून तरुणपणी आलेली, निवृत्त नर्स, तीही एकटी. बाईंचं डच तेव्हा बिलं टाइप करण्यापुरतं होतं आणि हर्मिनाला ब्रिजचा कंटाळा. म्हणून हा पोरांचा खेळ. बघता बघता बारा वर्षं झाली. बाईंच्या घराची जादा किल्ली वेदांतकडे नव्हती, हर्मिनाकडे होती. यावरून काय ते समजा.

पण या खेळाच्या पोटात एक बारीकशी लबाडी होती.

अगदी सुरुवातीला हर्मिनाने विचारलं होतं, "खुलाम म्हणजे काय गं?" डच घशातून 'ग' असाच खरडत निघतो. नेमकं त्याच्या आदल्या दिवशी तिने आपल्या खापरपणजीची गोष्ट सांगितली होती. ती उसाच्या मळ्यात जन्मली, मालकाच्या मालकीची, म्हशीसारखी. आता तिच्या पणतीच्या मुलीला तोंडावर सांगायचं की तू रोज 'गुलाम' म्हणून खिदळतेस? कुमुदिनीबाईंनी पानाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. डच पत्त्यांत गुलामावर 'बी' छापलेला असतो, बी म्हणजे बूर, शेतकरी.

"बूर," बाई म्हणाल्या. "शेतकरी. शेतकरीचोर."

हर्मिना हसून हसून लोटपोट. "शेतकरी कोण चोरतं? तुमच्या देशात चोरांना दुसरं काही मिळत नाही का?"

झालं. लबाडी पचली. आणि पचलेली लबाडी फार दिवस पोटात राहत नाही. कधीतरी कुणाला तरी सांगावीशी वाटतेच. कुमुदिनीबाईंनी ती लतिकाला सांगितली.

लतिका ही जुनी मैत्रीण, दूर बुइटनव्हेल्डर्टला राहणारी. दोघी एकाच वर्षी या देशात आल्या, एकीने दुसरीला सायकल शिकवली, दुसरीने पहिलीला पुरणपोळी. बाईंनी फोनवर हर्मिनाची नक्कल करून दाखवली, अगदी घसा खरडून. लतिकाला हसताना ठसका लागला. "अगं, गुलामाच्या पणतीने 'गुलामचोर' ओरडायचं! काय गं तू!" त्यावर कुमुदिनीबाईही हसल्या. तो विनोद पुढे कितीतरी वर्षं दोघींच्या फोनवर चवीला राहिला. लतिकाने फोन उचलला की 'हॅलो' ऐवजी 'खुलामचोर' म्हणायची.

मग आला कोरोना. सगळ्या देशाने दीड मीटरचं अंतर धरलं, पण या दोघींनी खेळ सोडला नाही. दोघींच्या दारांमध्ये गॅलरीत इस्त्रीचं लांब टेबल मांडलं. पानं त्यावर पालथी घालायची आणि समोरचीने पापड भाजायच्या चिमट्याने ओढायची. हातात भांडी घासायचे पिवळे मोजे. पोस्टमन एकदा हे पाहून थबकला. "ऑपरेशन चालू आहे का?" हर्मिना म्हणाली, "हो, शेतकरी काढतोय."

इकडे मराठी मंडळ झूमवर गेलं आणि शनिवारची व्याख्यानं सुरू झाली. मे महिन्यात लतिका ट्यूलिपच्या इतिहासावर बोलली. ऐकणारे मोजके, त्यातले निम्मे तिच्याच घरातले, आणि एकाने आवाज चालू ठेवून मिक्सर लावला. जूनमध्ये ठिकठिकाणच्या चौकांत लोक वर्णद्वेषाविरुद्ध निदर्शनं करू लागले, गुलामीचा विषय सगळ्यांच्या तोंडी आला, तेव्हा कार्यवाह नीळकंठ यांनी कुमुदिनीबाईंना गळ घातली. बाई इतिहासाच्या पदवीधर, त्यात टाळेबंदीत हर्मिनाशी बोलून बोलून याच विषयाची पुस्तकं वाचत होत्या. विषय ठरला, 'गुलामीविरोधी चळवळ आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध'. सूत्रसंचालन लतिकाकडे. "तुझं होऊ दे गं छान," लतिका म्हणाली, "ट्यूलिप काय, सुकायचेच."

बाईंनी हर्मिनालाही बोलावलं. शेवटची पाच मिनिटं डचमध्ये, खास तिच्यासाठी. बाकीचं भाषण गॅलरीत तिला आधीच डचमधून समजावून सांगितलं होतं. हर्मिना आपल्या घरात आयपॅडपुढे बसली, डोक्याला खळ घालून कडक केलेला सुरिनामी रुमाल. त्या रुमालाच्या प्रत्येक घडीला अर्थ असतो. आजच्या घडीचा अर्थ तिने गॅलरीतूनच सांगितला होता, "बोलेनात का लोक."

भाषण रंगलं. कागद न बघता बाई बोलल्या. छापखाने जाळले गेले तरी पत्रकं काढणारे लोक, गुलामांनी पिकवलेली साखर घरात येऊ न देणाऱ्या बायका, पळून आलेल्यांना एका घरातून दुसऱ्या घरात लपवत उत्तरेकडे पोचवणारे. "दक्षिणेतले मालक या लोकांना काय म्हणायचे माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "गुलामचोर. एका जहाजाच्या कप्तानाच्या तळहातावर तशी अक्षरं डागली होती. त्याने तो हात पुढे आयुष्यभर सभांमधून उंच करून दाखवला." मग युद्ध. सुरुवातीला सरकार म्हणत होतं, लढाई देश एकत्र ठेवायला आहे, गुलामीशी संबंध नाही. पण गुलाम स्वतःच मळे सोडून सैन्याच्या छावण्यांत येऊन उभे राहिले, चळवळवाल्यांनी सरकारच्या नाकी नऊ आणले, आणि अठराशे त्रेसष्टमध्ये त्या युद्धाचा अर्थच बदलला. काळ्या पलटणी उभ्या राहिल्या. युद्ध जिंकलं. जमिनी देऊ म्हणून सांगितलं, कुठे कुठे दिल्याही, आणि काढून घेतल्या.

मग बाई डचमध्ये बोलल्या. "त्याच वर्षी, एक जुलैला, या देशाने सुरिनाममधल्या माणसांना मुक्त केलं. भरपाई मिळाली मालकांना. आणि मुक्त माणसांना सांगितलं, अजून दहा वर्षं मळ्यावरच राबा. दिलेला शब्द फिरवला, तोही देतादेताच." हर्मिनाच्या चौकटीत रुमाल हळूच वरखाली हलला. कुमुदिनीबाईंना वाटलं, आयुष्यात एक काम नीट झालं.

इथेच आभार मानून संपवायचं होतं. पण लतिकाला हे गंभीर शेवट कुठले सोसायला! "वातावरण जरा हलकं करूया," ती म्हणाली, आणि डचमध्ये सुरू झाली. लतिकाचं डच नको तितकं चांगलं. "आमच्या कुमुदिनीताई मुक्तीवर बोलल्या खऱ्या, पण त्यांच्या दारात बारा वर्षं रोज गुलाम पकडले जातात बरं का!" आणि तिने सगळं सांगितलं. 'बूर' सांगून मारलेली थाप. घसा खरडून केलेली नक्कल. "हर्मिना, ओरडून दाखवा ना एकदा! प्लीज!"

चौकटीचौकटीत दात दिसले. कुणी हसरी तोंडं पाठवली. कुमुदिनीबाई ओरडल्या, "लतिका, पुरे कर!" पण पडद्यावर पाटी होती, सूत्रसंचालकाने तुमचा आवाज बंद केला आहे. त्या बटण दाबत राहिल्या. त्यांचे हलणारे ओठ पाहून लोक आणखी हसले.

हर्मिना हसली नव्हती. तिने विचारलं, "खुलाम म्हणजे... स्लाफ?"

"हो ना!" लतिका म्हणाली. "गंमत आहे की नाही? स्लाफचोर!"

हर्मिनाची चौकट काळी झाली.

कुमुदिनीबाई लॅपटॉप तसाच टाकून गॅलरीत धावल्या. बेल वाजवली. दार उघडलं नाही. दाराच्या जाड काचेमागे रुमालाचा रंग दिसत होता, म्हणजे ती दाराशीच उभी होती.

"हर्मिना, तुला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"बारा वर्षांपूर्वी वाईट वाटू नये म्हणून," आतून हर्मिना म्हणाली. "ते मला कळतं. पण नंतर? नक्कल कुणासाठी होती?"

कुमुदिनीबाई घरात परतल्या.

तिथे फोन वाजत होता. लतिका. "अगं, निघून काय गेलीस! सगळ्यांना शेवट भारी आवडला."

"तुला मी ते विश्वासाने सांगितलं होतं, लतिका."

"विश्वासाने?" लतिका खरंच चकित झाली होती. "हसत सांगितलं होतंस. मीही हसतच सांगितलं. तुझं भाषण गाजलं म्हणून मला पोटदुखी झाली असं वाटतंय का तुला?"

"वाटतंय," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पंचेचाळीस वर्षांत फोन आधी ठेवायची त्यांची ती पहिलीच वेळ. पण लतिकाचं पहिलं वाक्य कानातून निघेना. हसत सांगितलं होतंस.

पुढचे काही दिवस गॅलरीत आरोळी नाही. खालच्या बाया विचारू लागल्या, भारतीण आजारी आहे का? इस्त्रीचं टेबल बाई रोज मांडत आणि रोज आत घेत. एका सकाळी टेबलावर पत्त्यांचा जोड ठेवलेला दिसला. तो नेहमी हर्मिनाकडे असायचा. दाराशी हर्मिना उभी होती, तोंडावर मास्क, डोकं उघडं.

"पत्ते आणलेत," ती म्हणाली. "मोजून घ्या. चारही खुलाम मी काढून घेतले आहेत. बाजूला ठेवायचो तोही."

कुमुदिनीबाईंना आधी पत्ते ऐकू आलेच नाहीत. ऐकू आलं ते 'घ्या'. डचमध्येही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं असतं, आणि बारा वर्षांत हर्मिना त्यांना कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती.

"हर्मिना, चारही कशाला?"

"तुम्हीच भाषणात सांगितलंत ना, गुलाम सोडवणाऱ्याला काय म्हणतात ते," हर्मिना म्हणाली. "चोरलेत मी. परत मागू नका."

"आणि किल्ली?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"किल्ली राहू दे. पडलात बिडलात तर दार कोण उघडणार? शेजारीण आहे मी." आणि तिने आपलं दार लावून घेतलं, आदळलं नाही, अगदी नर्ससारखं हळू लावलं.

त्या संध्याकाळी चहाच्या सुमाराला कुमुदिनीबाई इस्त्रीच्या टेबलाशी एकट्याच बसल्या. पिवळे मोजे घालायचं कारण नव्हतं, तरी सवयीने घातले. पानं वाटली, दोघींची. एकदा इकडून, एकदा तिकडून चिमट्याने ओढत राहिल्या. गुलाम नसलेल्या जोडात अडत काहीच नाही. राजाला राजा मिळाला, राणीला राणी, सगळ्या जोड्या लागल्या आणि कुणीच चोर ठरलं नाही. दोन्हीकडचे हात रिकामे झाले.

खालून कुणीतरी मान वर करून ओरडलं, "काय, आज कोण हरलं?"

बाईंनी शेजारच्या दाराच्या काचेकडे पाहिलं. दिवा चालू होता. त्यांनी पानं गोळा केली, टेबल मिटलं आणि आत गेल्या.