तेरवीच्या गंजातलं पाणी

बायकोच्या तेरवीचा स्वयंपाक ज्यात झाला ते भाड्याने आणलेले तीन मोठे गंज बिछायतवाल्याने दुसऱ्या दिवशी न्यायचे होते. ‘भिजू द्या, सकाळी घासू,’ असं म्हणून बायकांनी ते टिनाच्या पागोळीखाली ठेवले. सकाळी पाऊस होता. घासायलाही कोणी आलं नाही, न्यायलाही नाही. गंज काठोकाठ भरले होते.

मला ते फार बरं वाटलं. आमच्या बोरचं पाणी खारं. बायकोच्या आजारपणात तिच्या मोगऱ्याला मी तेच घालत राहिलो आणि कुंडीतली माती वरून पांढरी पडली. ती गेली तेव्हा मोगऱ्यावर सात पानं उरली होती. हे झाड तरी माझ्या हातून मरू नये, एवढंच मला हवं होतं. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, हे मी वाचलेलं होतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या गंजातलं पाणी घालू लागलो.

आठवड्यात चार पानं गळली. झाडालाही दुःख होत असेल, असं मी थोरल्या बहिणीला म्हणालो. ती माझ्यासाठी मागे राहिली होती.

“तूच जेव आधी, मंग झाडाचं पाहू,” ती म्हणाली.

एका दुपारी बिछायतवाला आला. “गुरुजी, गंज द्या. आसेगावले जेवण आहे.”

“त्यात पाणी आहे.”

“मंग सांडा.”

“पावसाचं आहे हो.”

त्याने वर पाहिलं. त्याच्या टोपीवरून पाणी ओघळत होतं. “गुरुजी, पाऊस येऊनच राह्यला ना!”

पण उद्याची खात्री कोणी द्यावी? मी त्याला ओट्यावर बसवलं आणि पाणी घरात नेऊ लागलो. बादल्या भरल्या, कळशा भरल्या, मग दुधाचं पातेलं, डबे, कुकर, शेवटी चहाचे कप. बिछायतवाला बसून पाहत होता. दुःखाच्या घरी माणसं फार विचारत नाहीत.

बहीण चहा ठेवायला उठली. तिने कुकरचं झाकण काढलं, वाकली आणि म्हणाली, “वरण कधी लावलं तू?”

“ते पावसाचं पाणी आहे.”

तिने बोट बुडवून जिभेला लावलं. “मीठ आहे यात. तिखट बी आहे.”

बिछायतवाला आत आला. त्याने जाणकाराप्रमाणे वास घेतला. “आलू-वांग्याची भाजी. मोठ्या गंजातली.”

बहीण माझ्याकडे वळली. “काहून रे, हप्ताभर मोगऱ्याले तर्री पाजून राह्यला तू?”

“दोनच वेळा. सकाळी आणि संध्याकाळी.”

“तुले वास नाही आला?”

नाही आला. त्या दिवसांत माझं नाक बंदच असायचं.

मग दोघांनी मोगरा कुंडीतून उपटला. बिछायतवाल्याने तो बाळासारखा आडवा हातावर घेतला आणि बहिणीने पागोळीखाली त्याची मुळं धुतली. “मान धर, मान धर,” ती ओरडत होती. मी छत्री धरून उभा होतो. झाडावर धरली म्हणून शिव्या खाल्ल्या. नवी माती भरली. राखेने घासलेल्या बादलीत नवं पाणी धरलं. बिछायतवाला उशिराने आसेगावला गेला. तिथे काय सांगितलं असेल कोण जाणे.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघं कुंडीपाशी उकिडवे बसायचो. पंधराव्या दिवशी एका पेरावर तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला.

बहिणीने तो नीट पाहिला. आत गेली, लुगडी पिशवीत भरली. “पान आलं. आता जातो मी घरी, किन्हीराजाले. सोयाबीनात तण माजलं असन.”

मी कोंबाकडे पाहत म्हणालो, “दुसरं येऊ दे.”

तिने पिशवी खुंटीला अडकवली आणि कणीक मळायला बसली.