मल्लूअण्णाचा प्लॉट काही पास होत नाही

आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठतात, मातीच्या बरण्या आणि किस्से. बरण्या सहा महिन्यांनी रिकाम्या करता येतात. किस्से कुठं रिकामे करणार? चहाला चार माणसं जमली की एकेकाचं झाकण उघडतं, आणि घरी गेल्यावर बायको विचारते, "तुमचं ऑफिस हाय का तमाशाचा तंबू?"

काम तसं साधं आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यात कुणी जुन्या कारखान्याच्या, गोदामाच्या, गॅरेजच्या जागेवर फ्लॅट बांधायला निघालं, की आधी आम्ही जातो. जमिनीला भोकं पाडतो, माती बरणीत भरतो, आणि खाली काही विष मुरलंय का ते तपासून लिहून देतो. आम्ही चौघं. उपाध्ये साहेब, लॅबमधल्या कुलकर्णी मॅडम, ड्रिल चालवणारा मल्लूअण्णा आणि बरण्यांना लेबलं चिकटवणारा मी, बाळू.

यातला मल्लूअण्णा नीट लक्षात ठेवा. शहापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत त्याचं अर्धं आयुष्य गेलं. स्वतःचं घर बांधायचं एवढा एकच ध्यास. पण लोकांच्या जमिनीखाली काय काय निघतं ते रोज बघणारा माणूस डोळे झाकून प्लॉट कसा घेणार? "खालचं बघितल्याबिगर मी एक वीट ठेवणार न्हाय!" हे त्याचं वाक्य. त्यामुळं प्लॉट बघून झाले, वीट अजून पडली नाही.

*

निपाणीला तंबाखूचं एक जुनं गोदाम पाडलेलं. आम्ही ड्रिल लावलं आणि अर्धी गल्ली गोळा झाली. बोअर मारायला लागलेत अशी सगळ्यांची समजूत! एक आजोबा तर घरून नारळ घेऊन आले. मला म्हणाले, "फोड रं, गोडं पाणी लागू दे." नाही म्हणायची सोय नव्हती. फोडला.

सहा फुटांवर मल्लूअण्णानं ड्रिल थांबवलं, माती काढून घेतली आणि भोक बुजवायला घेतलं. आजोबा खवळले. "पाणी लागायच्या आत बुजवतोस व्हय?"

"आजोबा, आम्हाला पाणी नको. मातीच पाहिजे," मी म्हणालो.

आजोबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गल्लीकडं. "माती पायजे हुती तर वरची काय वाईट हुती रं?"

आणि नारळाच्या दोन्ही वाट्या उचलून घरी गेले.

*

चिकोडीकडचे एक आप्पा. गावातल्या भंगाराच्या गोदामाची जागा त्यांना विकायची होती. आम्ही पोचलो तर आप्पांनी चहा-पोहे तयार ठेवलेले, आणि शेजारी तोंड बांधलेली एक पिशवीसुद्धा! "उन्हातान्हात कशाला खणताय? मीच भरून ठेवलीया."

साहेबांनी पिशवीही घेतली आणि आप्पांच्या देखत खणलंही. आठवड्यानं दोन रिपोर्ट गेले. गोदामाची माती नापास. पिशवीतली माती इतकी सुरेख, की मॅडमनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, "यात ऊस लावावा."

दुसऱ्याच दिवशी आप्पांचा फोन. "सायेब, त्यात ऊसच हाय! मळ्यातली माती हुती ती. मग मळा पास झालाच हाय, तर तेवढं गोदाम बी त्यातच बसवा की!"

*

हा किस्सा माझ्यावरच आहे. ऑफिसात अजून कुणी तो मला विसरू देत नाही.

एका मोठ्या मोकळ्या जागेवर मला एकट्यालाच वरवरची माती गोळा करायला पाठवलं होतं. ऊन मी म्हणत होतं. सावली एकच, कोपऱ्यातल्या छोट्या मारुतीच्या देवळाची. मी देवळाच्या पाठीमागं आरामात बसलो आणि तिथलीच माती भरली. कामाला लागलेलं नवंच होतं, अक्कल कमी होती.

रिपोर्टात शिसं एवढं निघालं, की साहेब आख्खी जागा बाद करायला निघाले. मॅडमनी मला बोलावलं. "बाळू, बरणी कुठं भरलीस?"

"मारुतीच्या मागं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, शेंदरात शिसं असतं! इतकी वर्षं शेंदूर लावून मूर्ती धुतायत, ते सगळं पाणी मागंच जिरतंय. यापुढं मारुती दिसला की नमस्कार करायचा आणि वीस पावलं लांब जाऊन माती घ्यायची."

पण तोवर साहेबांचा रिपोर्ट बिल्डरकडं गेलेला होता. साहेब फार शिस्तीचे, फॉर्मातला एकही रकाना रिकामा सोडत नाहीत. 'प्रदूषणाचा संभाव्य स्रोत' या रकान्यात त्यांनी जागेवर जे एकमेव बांधकाम होतं ते लिहून टाकलं होतं, 'श्री हनुमान'.

बिल्डरचा फोन आला. "साहेब, नोटीस कुणाच्या नावानं काढू?"

*

मल्लूअण्णाच्या नाकाची ख्याती पार खानापूरपर्यंत आहे. शहापुरात साड्यांचं सूत रंगवायचा एक जुना कारखाना होता, तिथं अपार्टमेंट व्हायचं होतं. बिल्डरनं बेंगळूरूहून एक तरुण इंजिनिअर आणलेला, त्याच्या हातात किमती मशीन.

मल्लूअण्णानं मातीचं ढेकूळ नाकाला लावलं. "हितं निळ्या रंगाचं पिंप हुतं." चार पावलं गेला, पुन्हा वास घेतला. "हितं हिरव्याचं. आन् त्या कोपऱ्यात लाल, पण ते गळकं हुतं."

इंजिनिअरनं मशीन लावून बघितलं. तंतोतंत! त्यानं अण्णाचे दोन्ही हात धरले. "सर, ही विद्या तुम्ही कुठं शिकलात?"

"हितंच की! लगीन झाल्यावर तीन वर्सं ते गळकं पिंप मीच ढवळत हुतो."

*

आता अण्णाचे प्लॉट.

ऑफिसच्या वेळात घरचं काम करायचं नाही, हा अण्णाचा बाणा. म्हणून स्वतःसाठी बघितलेल्या प्लॉटची माती तो रविवारी काढतो, बरणी घरी ठेवतो आणि सोमवारी लॅबला आणतो. मॅडम मायेनं तपासतात.

पहिला प्लॉट शहरालगत, फाउंड्रीच्या वळणावर. शिसं निघालं. फाउंड्रीच ती, निघणारच! दुसरा कडोलीच्या पुढं, भाजीच्या शेतात. तिथं शिसं दुप्पट. साहेब म्हणाले, "वारा! वाऱ्यानं आलं असणार." तिसरा खानापूरकडं, पार जंगलाच्या कडेला, जिथं गव्यांशिवाय कुणी फिरकत नाही. तिथं त्याहून जास्त!

अण्णा तीन दिवस जेवला नाही नीट. साहेब मात्र तीन दिवस खुशीत होते. भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी तीन टाचण्या टोचल्या. "बाळू, बघ. शहरापासून जितकं लांब जावं तितकं शिसं वाढतंय! हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

त्यांनी यावर परिषदेत वाचायला निबंध लिहायला घेतला. मल्लूअण्णाला चौथा प्लॉट आणखी लांब बघायची गळ घातली.

*

चौथा प्लॉट अण्णानं बघितला, पण साहेबांसाठी नव्हे, वहिनींसाठी. खानापूरच्या अलीकडं, लाल मातीचा, समोर आंब्याचं झाड. वहिनींनी स्वयंपाकघर कुठं येणार तिथं उभं राहूनसुद्धा बघितलं म्हणे. मालकानं बुधवारपर्यंतची मुदत दिली होती, दुसरं गिऱ्हाईक दारात होतं.

"ह्यो फेल झाला तर मी नाद सोडला, बाळू," अण्णा मला म्हणाला. "भाड्याच्या खोलीतच डोळे मिटायचे." एरवी सगळ्यांची टर उडवणारा माणूस, पण हे बोलताना त्याचा आवाज बसला.

सोमवारी सकाळी अण्णाला ड्रिल घेऊन निपाणीला जावं लागलं. बरणी आणायला मी त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. एरवी ती तोच आणायचा.

बरणी देवघरात होती. समोर उदबत्ती, झाकणावर जास्वंदीचं फूल. वहिनी नुकत्याच पूजा करून उठलेल्या.

"द्या वहिनी, मॅडम वाट बघतायत."

"थांबा की भावजी, एवढं एक राहिलंय."

त्यांनी फूल बाजूला ठेवलं, झाकण काढलं आणि देवामागून पितळेची एक डबी घेतली. उघडली. आत शेंदूर.

मी डबीकडं बोट दाखवलं. "वहिनी... हे काय?"

"गल्लीतल्या मारुतीचा हाय. दर शनिवारी पुजाऱ्याकडनं आणते. प्लॉट पास व्हावा म्हणून बरणीत घालते जरा."

"दर वेळी?"

"व्हय तर! ह्यांना न्हाय सांगितलेलं, हसतील म्हणून. पयल्या प्लॉटाला चिमूटभर घातलता, न्हाय पास झाला. दुसऱ्याला दोन चिमटी. तिसऱ्याला मूठभर घातला, तरी बी न्हाय. मग म्हटलं, माझीच भक्ती कमी पडतीया."

मी हात पुढं करेपर्यंत त्यांनी आख्खी डबी बरणीत उपडी केली. झाकण घट्ट लावलं, बरणी दोन्ही हातांनी गदागदा हलवली, कपाळाला टेकवली आणि माझ्या हातात दिली.

"जावा आता. आन् मॅडमना सांगा, ह्या वक्ताला जरा जपून तपासा म्हणावं. आत मारुती हाय!"