दहापैकी सहा

एका वर्गातल्या छत्तीस मुलांना छत्तीस तऱ्हांचा गृहपाठ देणारी बाई अख्ख्या पनवेलमध्ये एकच होती, आणि ती नेमकी माझ्या शेजारच्या वर्गात यावी, यात माझ्या पत्रिकेचाच काहीतरी दोष असणार. तिसरी 'अ' त्यांची, तिसरी 'ब' माझी. मधे लाकडी पार्टिशन, आणि त्याचीही वरची एक फळी निखळलेली. त्यामुळे बारा वर्षं त्यांचा प्रत्येक तास मी फुकटात ऐकला. माझ्या वर्गात पाढे चालू असायचे. सगळे एका सुरात, एका ठेक्यात, ऐकणाऱ्याला बरं वाटावं असे. आणि पलीकडून कुणीतरी विचारत असायचं, "बाई, माशीला गुडघे असतात का?" मग माझी पोरं तेराच्या पाढ्यात अडखळायची आणि माशीच्या गुडघ्यांचा विचार करायला लागायची. शाळेतल्या बाकी सगळ्या 'मॅडम' झाल्या होत्या, या मात्र हट्टाने 'बाई'च राहिल्या. मॅडम म्हटलं की उगाच पाठ ताठ ठेवावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा संसार एका खारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होता. त्यात चिठ्ठ्या. शाळा सुटताना डबा फिरायचा आणि ज्याला जी द्यायची ती चिठ्ठी बाई स्वतः काढून द्यायच्या. एकाला साधी बेरीज, दुसऱ्याला तीच बेरीज पण आगपेटीच्या काड्या घेऊन, तिसऱ्याला नुसतं 'घरातली सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकी वस्तू शोध आणि कशावरून ते सांग'. कुणाची चिठ्ठी सोपी, कुणाची अवघड, ते पोरांना शेवटपर्यंत कळायचं नाही, कारण सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच कागदाच्या, सारख्याच घडीच्या. वर्गात 'हुशार' हा शब्द उच्चारायला बंदी होती. एकदा हुशार म्हटलं की पोराला चुकायची भीती बसते, असं त्या म्हणत. मी त्यांना एकदा विचारलं होतं की एवढा खटाटोप कशाला, सगळ्यांना एकच गृहपाठ दिला तर तपासायलाही सोपं. त्यांनी माझ्याकडे मी काहीतरी अमंगळ बोललोय असं पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या घरी सगळ्यांना दोन-दोनच भाकऱ्या वाढतात का हो?" आता आमच्या घरी मी चार खातो आणि बायको दीड, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

ही खोड फक्त वर्गापुरती असती तर एक वेळ चाललं असतं. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांची सहल कर्नाळ्याला गेली, तेव्हा बाई तो डबा घेऊन आल्या. मुख्याध्यापिकांना चिठ्ठी निघाली की पाच तऱ्हांची पानं गोळा करा, पण एकही तोडायचं नाही. शिपाईमामांना निघाली की वाटेतले दगड बघून पाणी कुठून वाहतं ते सांगा, आणि मामांनी ते इतकं बिनचूक सांगितलं की पुढची वाट आम्ही सगळे त्यांच्यामागून चाललो. सोळा वर्षं त्या माणसाकडून आम्ही फक्त घंटा वाजवून घेतली होती. मला चिठ्ठी आली, 'पक्षी बघू नका, ऐका.' मी एका झाडाखाली डोळे मिटून बसलो. तासाभराने बाईंनी विचारलं की काय काय ऐकलंत, तेव्हा मला प्रामाणिकपणे सांगावं लागलं की फक्त माझं घोरणं. त्यांनी तेसुद्धा वहीत लिहून घेतलं.

आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "मला येत नाही, तू सांग." पोराने काही विचारलं की हेच. सुरुवातीला मला वाटायचं, खरंच येत नसेल. मग एकदा तपासणीला साहेब आले. बाईंच्या वर्गातल्या एकाने हात वर करून विचारलं की शून्याने भागलं तर काय होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे मला नीट समजावता येत नाही. आज साहेब आलेत, त्यांनाच विचारू या." साहेबांना एकाएकी अलिबागची मीटिंग आठवली आणि चहा अर्धा टाकून ते निघून गेले. मुख्याध्यापिकांनी बाईंना खूप सुनावलं. बाई म्हणाल्या, मी खरं तेच बोलले.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पुढचं सांगताना मात्र मला माझाच कान धरावा लागतो. माझ्या वर्गात जुई नावाची मुलगी होती. तिची आई पनवेलच्या मच्छीबाजारात बसते, पहाटे मोरा बंदरावरून माल आणते. जुई तिसरीत आली तेव्हा मी फळ्यावर दहावं गणित लिहीपर्यंत हिची नऊ झालेली असायची. मी खूश. दहा झाली की मी म्हणायचो, शाबास, आता पुढची दहा कर. ती झाली की आणखी दहा. तीही झाली तर बाकीच्यांच्या वह्या तपास. माझ्या मते हे कौतुक होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरगी मंदावली. सगळ्यांबरोबर वही मिटायला लागली, कधी सगळ्यांनंतर. चाचणीत दहापैकी सहा. पुढच्या चाचणीत पुन्हा सहा. मला वाटलं, आरंभशूर निघाली. होतं असं, पहिल्या सत्राची चमक.

मागे पडलेल्या मुलांची एक यादी आम्हाला दर वर्षी द्यावी लागते, त्यांचा जादा वर्ग असतो. पूर्वी सहाच्या खालची मुलं त्यात जायची. यंदा मुख्याध्यापिकांनी मर्यादा सातवर नेली होती. मी जुईचं नाव लिहिलं आणि यादी देऊन मोकळा झालो. ही यादी साधी नसते. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला मूल दिसायच्या आधी यादी दिसते, आणि मग चौथीत, पाचवीत त्या पोराला कुणी अवघड काही विचारतच नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी मी लिहिलं. आईला बोलावून सांगितलं. ती बाजारातून तशीच आली होती, हात पदराला पुसत उभी राहिली. म्हणाली, "सर, घरी तर वाटे लावताना एक मासा इकडचा तिकडं होऊ देत नाय ती. मीच चुकतंय, ती नाय चुकत." मी तिला समजावलं की ताई, बाजारातला हिशोब वेगळा आणि शाळेतलं गणित वेगळं. ती मान हलवून गेली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्यांचे पेपर न विचारता उचलून बघायची बाईंना घाणेरडी सवय होती. मधल्या सुट्टीत मी गठ्ठा घेऊन बसलो होतो, तर यांनी जुईच्या पाचही चाचण्या काढल्या आणि बाकावर पत्त्यांसारख्या मांडल्या. माझा डबा संपला, हात धुऊन झाले, तरी ह्या त्या कागदांवर वाकलेल्याच. मग म्हणाल्या, "सर, तुमची दुसरी चाचणी सोपी होती. सगळ्या वर्गाला नऊ-नऊ, दहा-दहा पडलेत. हिला सहा. चौथी अवघड होती, निम्म्या वर्गाला तीन. हिला सहा." मी म्हटलं, मग? त्यांनी बोट ठेवून दाखवलं. अठ्ठेचाळीसच्या जागी एकोणपन्नास. त्रेसष्टच्या जागी चौसष्ट. प्रत्येक चुकलेलं उत्तर बरोबर एकाने चुकलेलं. पाच चाचण्यांत वीस चुका आणि वीसही अशाच. "दर वेळी नेमके सहा आणायचे तर दहाही यायला लागतात," बाई म्हणाल्या. "लवकर संपवलं की शिक्षा होते, हे तिला कळलं. पाचावर आणलं तर यादीत जाते, हेही कळलं. यंदा तुम्ही मर्यादा वाढवलीत, एवढंच तिला कुणी सांगितलं नाही."

मी बावीस वर्षं शिकवतोय. वर्षानुवर्षं पेपर तपासून तपासून डोळ्यांना चष्मा लागला, पण मी पेपरवरचा आकडा वाचत होतो, पेपर वाचतच नव्हतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला पहिल्यांदा राग आला तो जुईचा. आठ वर्षांची पोर आणि मला फसवते. तिला बोलावून झापणारच होतो, पण बाईंनी अडवलं. तिला काही विचारू नका, म्हणाल्या, गणिताच्या तासाला रोज माझ्याकडे पाठवा.

पलीकडे काय चाललंय ते मला त्या निखळलेल्या फळीतून ऐकू येतच होतं. पहिल्या दिवशी जुईला चिठ्ठी मिळाली, 'उत्तर चोवीस आहे. प्रश्न तू कर. एकच.' मग जुईचा दबका आवाज, "हे झालं की आणि देणार का?" बाई म्हणाल्या, "नाही. झालं की खिडकीत बसून रस्ता बघ." त्या एका प्रश्नाला पोरीने तीन दिवस घेतले. पहिल्या दिवशी सहा गुणिले चार लिहिलं आणि स्वतःच खोडलं, म्हणे हे कुणालापण येईल. तिसऱ्या दिवशी बाईंनी तो कागद पार्टिशनवरून माझ्याकडे दिला. लिहिलं होतं: टोपलीत पंचवीसपेक्षा कमी मासे आहेत. तीन-तीनचे वाटे लावले तर काही उरत नाही, चार-चारचे लावले तरी काही उरत नाही, पाच-पाचचे लावले तर शेवटच्या वाट्यात एक कमी पडतो. तर मासे किती? मी मोठ्या रुबाबात पलीकडे ऐकू जाईल असं म्हटलं, बारा. उत्तर चोवीस आहे हे ठाऊक असतानाही, बरं का. कारण बारालाही तीन आणि चारने भाग जातो, आणि मला तिची चूक काढायची होती. पलीकडून जुईचा आवाज आला, "सर, पाच-पाचचे लावून बघा." मी लावले. तीन कमी पडत होते.

यादी मात्र गेलेली होती. मुख्याध्यापिकांनी सांगितलं की एकदा नोंद झाली की खाडाखोड चालत नाही, काढायचंच असेल तर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहून सही करा. मी बाईंना म्हटलं, तुम्हीच लिहा, तुम्ही शोधून काढलंत. त्यांनी नकार दिला. "हे तुम्ही लिहायचं, सर." अर्धा तास मी पेन हातात धरून बसलो. शेवटी लिहिलं, 'विद्यार्थिनी मागे पडलेली नाही. तिला जे येत होतं तेच मी तिला पुन्हा पुन्हा दिलं.' मुख्याध्यापिकांनी ते दोनदा वाचलं, असं कुणी लिहितं का म्हणाल्या, आणि खाली सही केली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाईंना विचारलं की पाच कागद बघून हे त्यांना कसं समजलं. त्या डब्यात चिठ्ठ्या भरत होत्या. म्हणाल्या, "मी सातवीपर्यंत हेच करायचे." ओवे गावच्या शाळेत त्यांचा थोरला भाऊ नापास होऊन त्यांच्याच वर्गात आला होता. बहिणीला जास्त गुण पडले की घरी भावाला मार आणि हिला बोलणी. म्हणून ह्या त्याचा पेपर तिरक्या नजरेने बघून ठेवायच्या आणि त्याच्यापेक्षा एक कमी आणायच्या. मी विचारलं, कुठल्याच मास्तरांनी ओळखलं नाही? "नाही ना," बाई म्हणाल्या, "सगळ्यांना वाटलं, हिला येत नाही." आणि झाकण दाबून बसवायला लागल्या. ते झाकण नेहमीच घट्ट बसायचं.

एप्रिलअखेर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं लांबलचक भाषण, सगळं रीतसर झालं. भाषण चालू असताना जुई वाकून स्टेजवर आली आणि बाईंच्या हातात घडी केलेली चिठ्ठी देऊन गेली. तिने स्वतः केलेलं गणित होतं, तीन टोपल्यांचं. पाहुणे त्यांच्या सेवाभावावर बोलत होते आणि सत्कारमूर्ती निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर आकडेमोड करत होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी जुईला बोलावून उत्तर सांगितलं. एकतीस. जुई त्यांच्याकडे बघत राहिली. उत्तर होतं तीस. बाईंचं बरोबर एकाने चुकलं होतं.

"बाई," जुई हळूच म्हणाली, "तुमी मुद्दाम चुकवलंत ना?"

हातातली शाल बाईंनी बाकावर ठेवली आणि तिच्यासमोर खाली बसल्या, गुडघे दुखत असूनही. मग म्हणाल्या, "नाही गं. ह्या वेळी खरंच चुकलं." आणि जरा थांबून, "पण विचारलंस ते फार बरं केलंस." त्यांचे डोळे भरले होते. जुईला वाटलं, गणित चुकलं म्हणून. ती समजूत घालायला लागली की होतं असं बाई, पुढच्या वेळी येईल. मी मागे वळून नारळ पिशवीत भरायला लागलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

खारीचा डबा आता माझ्याकडे आहे. झाकण अजून घट्टच आहे. पार्टिशनच्या पलीकडे नव्या मॅडम आल्या आहेत, फार नीटनेटक्या, त्यांच्या वर्गातून एका सुरात पाढे ऐकू येतात. कुणाला नेमके सारखेच गुण दोनदा पडले की मी ते दोन्ही पेपर बाकावर मांडून बसतो. बहुतेक वेळा त्यात काहीच नसतं. पण मी बघतो.