कुसुम आणि न वाचलेला दगड

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. तिची भाची रडत होती आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "अशी कशी गेली? अजून वडप्याचा दगड वाचायचा राहिलाय!" रडू नंतर आलं. राग आधी आला, आणि तो महिना झाला तरी उतरलेला नाही.

कुसुम भिवंडीतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. मी तिची शेजारीण. पुस्तकावरून पुस्तक लिहिणाऱ्यांचा तिला भारी तिटकारा. "मूळ दगड बघ, मूळ कागद बघ, मग तोंड उघड," म्हणायची. रविवारी जुन्या दगडांवरच्या अक्षरांचे ठसे घ्यायला पिशवीत ब्रश, कागद, शाई भरून निघायची. अंबाडी, अकलोली, कुणी सांगेल तिथे. सोबतीला मी. का, तर नवी नायलॉनची साडी मिरवायला दुसरी जागा नव्हती! बांधावरून उंच टाचांच्या चपलांत चालणारी ही बया बघून गुरंसुद्धा चरायची थांबत.

वडप्याच्या एका बांधावर तिला तो दगड सापडला. वर चंद्र-सूर्य, मध्ये शेंदराच्या थरांखाली बुजलेल्या ओळी, आणि खाली… बाई आणि गाढव, नको त्या अवस्थेत. मी पदर डोळ्यांवर ओढला. कुसुम हसून लोळायची बाकी. "अगं बावळट, याला गधेगळ म्हणतात. दान दिलेली जमीन जो बळकावील त्याच्या आईला दिलेली शिवी आहे ही, शेकडो वर्षांपूर्वीची." जमीन कुणी, कुणाला दिली ते मधल्या ओळींत असणार. पण दगड गावाचा देव. शेंदूर उतरवायला गाव तयार होईना, आणि चोरून खरवडायला कुसुम तयार होईना. वर्षानुवर्षं ती विचारत राहिली.

मग गोडाऊनं आली. त्या शेतात भराव पडायला लागला तशी ती गोडाऊनच्या मालकाकडे धावली. सगळे त्याला शेठ म्हणतात, मीही तेवढंच म्हणते. "बाय, टेन्शन न्हाय घ्यायचं. सोमवारी पूजा करू, शेंदूर उतरवू, मग घ्या तुमचा ठसा." सोमवारी गेलो तर बांधच नव्हता. रोलर फिरत होता. शेठने गेटपाशी नेलं: संगमरवरी देवळी, आत नवा गुळगुळीत दगड. "देवाला एक नंबर जागा दिली ना? जुना हाय तिथंच हाय, खाली." कुसुम मातीच्या ढिगावर मटकन बसली. त्यानंतर रविवारची ती बाहेर पडलीच नाही.

आणि शोकसभेत हाच शेठ माईकवर! "ताईंनी गावाचा इतिहास जपला. गेटवर ताईंच्या नावाचा बोर्ड लावू." मग खाली येऊन माझ्या कानाशी, "आजी, दगडावर काय लिवलं होतं तेवढं सांगा. न्हायतर राजाचं नाव टाकू कुठलं तरी, मोठं. पब्लिकला बरं वाटंल."

या गुडघ्यांनी मी उठले आणि माईक घेतला. "कुसुमने जे वाचलं नाही ते तिच्या नावावर खपवायचं नाही. काय लिहिलंय ते याच्या गोडाऊनच्या लादीखाली आहे. लादी फोडा, वाचा, मग बोर्ड लावा. खालचं चित्र मात्र मी या डोळ्यांनी पाहिलंय, ते हवं तर काढा!" आणि चित्र कसं होतं ते सविस्तर सांगितलं. पदर न ओढता. बायका माना खाली घालून हसत होत्या. शेठला अचानक फोन आला.

परवा भाचीने कुसुमच्या खोलीतली एक गुंडाळी आणून दिली. त्या सोमवारसाठी कुसुमने दगडाच्या मापाने कापलेला कागद. कोपऱ्यात पेन्सिलीने 'वडपे, शेताचा बांध'. बाकी कोरा. "मावशी, आठवतं ते लिहून ठेवा ना यावर," भाची म्हणाली. मी खेकसले बिचारीवर.

कागद आता माझ्या भिंतीवर आहे. येणारा-जाणारा विचारतो, आजी, यावर काही छापायचं राहिलं का?

हो, म्हणते मी. शेठला विचारा.